चार इंच पावसाची बातमी : बडोद्यातल्या एका भित्तिपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या भागात, रावपुरा आणि दांडिया बाजार यांच्या अधेमधे, मराठी माध्यमाची एक छोटी प्राथमिक शाळा आहे. शाळेचं नाव इथे देत नाही. मुलांची नावंही नाहीत, आणि ओळख पटेल अशा दोन-तीन खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. मी तिथे तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. दोन्ही इयत्ता मिळून सत्तावीस मुलं. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे आमच्याकडे दर वर्षी भाषणात ऐकवतात. त्याच शहरात आज दोन वर्ग जोडल्यावर सत्तावीस भरतात, हे भाषणात येत नाही.

आमची मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत गुजराती आणि टीव्हीसमोर हिंदी. तिन्हीत तोंड सुरू असतं. पेन्सिल हातात घेतली की मात्र एकच वाक्य येतं : ‘पावसाळा हा ऋतू मला खूप आवडतो.’ दर वर्षी, प्रत्येक वहीत. २०२४ च्या पुरानंतर जो पावसाळा आला, त्याच्या सुरुवातीला मी ठरवलं की या वाक्याचं काहीतरी करायचं. मुलांनी स्वतःचं काही लिहावं आणि ते दुसऱ्यांनी वाचावं. भित्तिपत्र हा त्यातला जुना, स्वस्त मार्ग. विषय हवामान, कारण ते सगळ्यांना रोज फुकट मिळतं आणि त्यासाठी सहल काढावी लागत नाही.

पहिला अंक, जो कोणी वाचला नाही

पहिला अंक जूनच्या शेवटी लागला आणि तो मी केला, हे आधी कबूल करते. बावीस बाय अठ्ठावीस इंचांचा पांढरा चार्टपेपर आणला. मथळे मी लिहिले. चित्रकलेच्या सरांनी थर्माकोलचे ढग कापून दिले. मधोमध जलचक्र, उजवीकडे ‘मोसमी वारे म्हणजे काय’ हा पुस्तकातून उचललेला परिच्छेद, खाली पावसावरच्या चार म्हणी. चांगलं अक्षर असलेल्या चार मुलींनी तो मजकूर उतरवून काढला. कार्यालयाबाहेर, येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेला पडेल अशा उंचीवर तो लावला. मोठ्या बाई खूश, मीही खूश.

दहा दिवसांनी वर्गात विचारलं, भित्तिपत्रात काय आहे? एक म्हणाला, “ढग.” एक मुलगी म्हणाली, “माझं अक्षर.” बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

बाराव्या दिवशी भिंतीला ओल आली. निळ्या स्केचपेनची शाई ओघळली, जलचक्रातला समुद्र म्हणींवर उतरला आणि थर्माकोलचे ढग एकेक करून खाली पडले. आमच्या शिपाईकाकांनी ते सुपलीत भरून टाकून दिले. कुणी हळहळलं नाही.

नेमकी अडचण काय होती

सुरुवातीला मला वाटलं, सजावट कमी पडली. सरांचं म्हणणं, अक्षर लहान होतं. दोन्हीत तथ्य होतं. तिसरीतल्या मुलाची नजर जिथे पोचते त्याच्या हातभर वर आम्ही कागद लावला होता. पण शिडी दिली असती तरी त्यात वाचण्यासारखं काय होतं? उद्या बदलेल असं एक अक्षर त्यात नव्हतं. एखाद्या मुलाला माहीत आहे आणि बाकीच्यांना नाही, असंही काही नव्हतं. म्हणजे त्यात बातमीच नव्हती. आम्ही तक्ता केला होता आणि त्याला वर्तमानपत्र म्हणत होतो.

समोरचे पर्याय

मोठ्या बाई, सर आणि मी मधल्या सुट्टीत बसलो. सरांचा प्रस्ताव : वर्षात तीनच अंक काढू, ऋतूला एक, पण देखणे. तपासणीला कुणी आलं तर दाखवता येतील. मोठ्या बाईंचा : रोजच्या वर्तमानपत्रातली हवामानाची कात्रणं मुलांनी कापून डकवावीत, त्याखाली दोन ओळी लिहाव्यात. आकडे खात्रीचे, चुकीला वाव नाही. माझा प्रस्ताव असा की मुलांनी स्वतः बघावं, स्वतः मोजावं आणि दर सोमवारी अंक काढावा.

मोठ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला : “आणि चुकलं तर? वहीतली चूक तुम्ही बघता. भिंतीवरची सगळा गाव बघतो.”

मी म्हटलं, “सध्या भिंतीवरचं कुणीच बघत नाही.” उत्तर चटपटीत होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं. चूक झाली तर काय करायचं हे त्या दिवशी ठरलं नाही. ते तेव्हाच ठरवायला हवं होतं.

शेवटी साप्ताहिक अंकावर सगळ्यांचं एकमत झालं. अट एवढीच की लिहिणारा हात मुलाचाच असेल. मी फक्त तारीख आणि आकडे तपासायचे. शुद्धलेखनाची चूक दिसली तर समासात पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं, आणि मुलाने स्वतः कोरी पट्टी चिकटवून ती ओळ पुन्हा लिहायची. यात वेळ फार जातो, आणि त्याची खंत मला वर्षभर राहिली.

मांडणीतले बदल

हा भाग थोडक्यात सांगते. अंक कार्यालयाबाहेरून हलवून पाण्याच्या टाकीशेजारी लावला, कारण तिथे रांग लागते आणि रांगेत उभ्या माणसाला वाचण्यावाचून दुसरं काम नसतं. उंची तिसरीच्या मुलांच्या डोळ्यांइतकी. स्केचपेन बंद, मेणाचे खडू आणि पेन्सिल सुरू. मेणावर पाणी चढत नाही. कागद थेट भिंतीवर न डकवता जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे मागे लावले. एकसंध पानाऐवजी सहा खिसे केले आणि प्रत्येकात एक चिठ्ठा. एक बिघडला तर तेवढाच बदलायचा. नाव मुलांनी मत देऊन ठेवलं : ‘टपटप’.

एका गोष्टीवर मात्र वाद झाला : अंदाज द्यायचा की नाही. मुलांना ‘उद्या पाऊस येणार’ असं लिहायची फार हौस. पण सोमवारी लावलेल्या कागदावरचा ‘उद्या’ गुरुवारी कुठला असतो? शिळा अंदाज भिंतीवर राहणं म्हणजे रोज एक खोटी बातमी. म्हणून ‘उद्या’ हा शब्दच बाद केला. फक्त वरच्या कोपऱ्यात गोल खिडकी ठेवली आणि हवामान खात्याने आपल्या जिल्ह्याला त्या दिवशी जो रंग दिला असेल, हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा लाल, त्या रंगाची चकती रोज सकाळी तिथे अडकवायची. हे काम सगळ्यात लाडकं ठरलं. चकती बदलायचा मान मिळावा म्हणून मुलं वेळेच्या आधी शाळेत यायला लागली.

‘आज आकाशात वादळ आहे’

पहिल्या खऱ्या अंकात तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं : ‘आज आकाशात खूप वादळ आहे. पांढरं वादळ आणि काळं वादळ.’ मी आकडे तपासत होते, त्यामुळे वाक्य नजरेतून सुटलं. दुपारी तिच्या मैत्रिणीची आई विचारायला आली, “वादळाचा इशारा आहे का? शाळा लवकर सोडणार का?”

बडोद्यातल्या वाचकांना यातली गंमत लगेच कळेल. गुजरातीत वादळ म्हणजे ढग. मराठीतल्या वादळाला तिकडे वावाझोडुं म्हणतात. मुलीने गल्लीतला शब्द मराठीत आणला होता आणि तिच्या दृष्टीने वाक्य अगदी बरोबर होतं. टिंब देऊन ‘ढग’ करून घ्यावं, की शब्द तसाच ठेवून त्याची गोष्ट सांगावी? मी दुसरं केलं. पुढच्या अंकात ‘दोन घरचे शब्द’ असा खिसाच सुरू झाला. घरून शब्द यायला लागले : भुरभुर, झड, संततधार, ‘पाऊस उघडला’, आणि गुजरातीतला बफारो, ज्याला आम्ही उकाडा म्हणतो, पण उकाड्यात घामाचा चिकटपणा बफारोइतका येत नाही. हे शेवटचं मत एका आजोबांचं आहे, आणि मला ते पटतं.

‘मुसळधार’ या शब्दाचंही असंच झालं. मुलांच्या लेखी छत्री उघडावी लागली की मुसळधार. त्यांना सांगितलं की हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. ‘.५’ कशाला, असं चौथीतल्या एकाने विचारलं. मला उत्तर आलं नाही. पण मोजायला हवं, हे सगळ्यांना पटलं.

चार इंचांचा अंक

पर्जन्यमापक आम्ही शाळेतच बनवला. एक सरळ, उभट प्लास्टिकची बाटली, तिच्या तोंडावर स्वयंपाकघरातलं मोठं नरसाळं, आणि बाटलीला बाहेरून चिकटवलेली कागदी पट्टी. तळाचा खळगा भरून निघावा म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत आधीच पाणी घातलं. बाटली गच्चीच्या मधोमध विटांच्या आधाराने उभी केली, आजूबाजूला झाडाची फांदी नाही, पत्र्याची पागोळी नाही. वेळ सकाळी साडेआठची, कारण आपल्या देशात हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा धरतात. शाळा सकाळची असल्याने दुसऱ्या तासाला दोघं वर जाऊन आकडा आणायची. रविवारी वर कोण जाणार, हा प्रश्न राहिला होता. मुलांनीच तोडगा काढला : सोमवारच्या आकड्यापुढे ‘रवि+सोम’ असं लिहायचं.

नेमकं करण्याच्या या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. वाचकाच्या ती एव्हाना आली असेल.

जुलैत एका रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी दोघं धावत खाली आली. पट्टीवर दहा सेंटिमीटर! म्हणजे जवळजवळ चार इंच. मी स्वतः वर जाऊन बघितलं. दहाच होते. आकडा ‘तपासला’. तो सोमवारच होता, अंक निघाला आणि मथळा झाला : ‘शाळेत ४ इंच पाऊस!’ लाल मेणाच्या खडूने, दोन बोटं जाड.

दुसऱ्या दिवशी एक वडील मुलाला सोडायला आले, टाकीपाशी थांबले, वाचलं आणि मला म्हणाले, “बाई, तुमच्या शाळेवर वेगळा ढग येतो का? पेपरात तर एक इंच आहे.” तेवढ्यात दुसरे एक पालक थांबले. तेही हसले. दुपारपर्यंत ‘चार इंचवाली शाळा’ हा विनोद दांडिया बाजारापर्यंत पोचला असावा, कारण संध्याकाळी भाजीवालीनेही मला तेच विचारलं.

मोठ्या बाईंनी बोलावलं. रागावल्या नाहीत, ते जास्त अवघड गेलं. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. चिठ्ठा काढून टाकायचा आणि काही बोलायचं नाही. किंवा त्यावर पेपरातला आकडा डकवायचा आणि यापुढे पेपरातलाच वापरायचा. किंवा अंक तसाच ठेवायचा आणि चूक कुठे झाली हे शोधून पुढच्या सोमवारी छापायचं. पहिल्या दोन वाटा त्यांना बऱ्या वाटत होत्या. मला तिसरी हवी होती, पण सांगून टाकते, त्यात तत्त्वापेक्षा हट्ट जास्त होता. चूक कुठे आहे हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. शहरात पाऊस जागोजागी वेगळा पडतो हे खरं आहे. मांडवीत कोसळतो तेव्हा अलकापुरीत रस्ता कोरडा असतो. तेवढ्यावर निभावून नेता येईल, असंही क्षणभर मनात आलं. तसं केलं असतं तर मुलांना एक पळवाट शिकवली असती.

मोठ्या बाईंनी एका आठवड्याची मुदत दिली. चिठ्ठा काढायचा नाही, पण त्याच्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं. ही त्यांची कल्पना, आणि आता वाटतं, सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. ते प्रश्नचिन्ह मुलांनी हवं त्यापेक्षा बरंच मोठं काढलं.

शोध

धागा वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीकडून मिळाला. म्हणाली, “आमची आजी अंगणात डबा ठेवते. त्यात इतकं नव्हतं.” किती होतं? तिने अंगठ्याचं पेर दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तो डबा शाळेत आला. उभा, सरळ भिंतींचा, स्टीलचा. पुढच्या पावसाला तो गच्चीवर बाटलीशेजारी ठेवला. सकाळी बाटलीत आठ सेंटिमीटर, डब्यात दोन. एकच गच्ची, एकच रात्र, एकच ढग. मुलं गोंधळली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण मी तोंड मिटून बसले. वर्षभरात मी केलेलं हे कदाचित सगळ्यात कठीण काम.

दोन तास वादावादी चालली. बाटली गळते का? मग पाणी कमी हवं, जास्त कसं? डबा गळतो का? पाणी भरून टेबलावर ठेवला, टेबल कोरडं राहिलं. रात्री कुणी बाटलीत पाणी ओतलं का? शिपाईकाकांची चौकशी झाली. त्यांनी ती गांभीर्याने घेतली. मग एकाने बाटलीतलं पाणी रिकाम्या डब्यात ओतलं. शून्याच्या खुणेखालचं पाणी आधी मोजून वेगळं काढलं होतं. डब्यात पाणी चढलं दोन सेंटिमीटर. म्हणजे पाणी तेवढंच होतं. फक्त बाटलीत ते उंच दिसत होतं.

“बाई, बाटली बारीक आहे!”

बरोबर, पण नरसाळं कुठे बारीक होतं? त्याचं तोंड दहा सेंटिमीटर रुंद, डब्याइतकंच. बाटली पाच. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र चौथीला नसतं, पण चौकोन मोजणं असतं. एक सेंटिमीटरच्या चौकटीच्या कागदावर आधी नरसाळं उपडं ठेवून रेघ मारली, मग बाटली ठेवून. आतले चौकोन मोजले; अर्धे-मुर्धे जोडून घेतले. नरसाळ्यात सुमारे अठ्ठ्याहत्तर. बाटलीत सुमारे वीस. वीस चोक ऐंशी, हे तिसरीच्या मुलानेच आधी ओरडून सांगितलं. रुंदी दुप्पट, पण जागा चौपट. चौपट जागेवरचा पाऊस एका बाटलीत जमत होता.

सोमवारच्या अंकात त्या गप्प मुलीने लिहिलेला चिठ्ठा जसाच्या तसा देते :

‘मागच्या अंकात ४ इंच लिहिले ते चूक आहे. १ इंच पडला. नरसाळे मोठे आणि बाटली बारीक. चौघांचे पाणी एकाच्या पेल्यात पडले. आता आम्ही चारने भागतो. आजीचा डबा बरोबर होता.’

त्या सोमवारी टाकीपाशी पहिल्यांदा गर्दी झाली. पहिली-दुसरीची मुलं, पाचवीतली थट्टा करायला आलेली, पालक. तेच वडील आले, वाचलं आणि चौकटीचा कागद बघायचा म्हणाले. मग मुलाला म्हणाले, “हे मला घरी नीट समजाव.” विनोद दोन दिवसांत विरला. आजींना मात्र आपला डबा परत हवा होता. त्यांना निरोप पाठवला, “आजी, आणखी थोडे दिवस राहू द्या.” डबा दिवाळीपर्यंत राहिला.

आजीचं नक्षत्र

डब्यामुळे आज्यांना जोर चढला. एक म्हणाल्या, पुष्य लागलं, आता झड लागेल. दुसऱ्या म्हणाल्या, नक्षत्राचं वाहन बघा, बेडूक असेल तर पाऊस भरपूर. मुलांनी ‘आजी म्हणते’ नावाचा खिसा मागितला. सर अस्वस्थ झाले; हवामानपत्रात बेडूक आणि गाढव कशाला? मला वाटलं, शाळेने आजीला खोटं ठरवायचंही कारण नाही आणि खरं ठरवायचंही. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो, आणि शेतीच्या कामांचं वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर बेतलं गेलं. हे मुलांना सांगण्यासारखं आहे. वाहनाचं काय करायचं ते मुलांवर सोडलं. त्यांनी दोन रकाने आखले : ‘कॅलेंडरात वाहन’ आणि ‘आमच्या डब्यात’. तीन-चार नक्षत्रं नोंद चालली. जुळणं-न जुळणं कसं ठरवायचं यावर इतकी भांडणं झाली की पुढे रकाना आपोआप बंद पडला. मला तो पुढे चालवता आला असता. दुसऱ्या एका गोष्टीत माझं लक्ष अडकलं होतं.

भिंतीवरची रेघ

चौथीतला एक मुलगा विश्वामित्री नदीच्या काठच्या सखल वस्तीत राहतो. २०२४ च्या ऑगस्टअखेरच्या पुरात त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. नारिंगी चकती लागली की तो दर तासाला विचारायचा, “बाई, काळ्या घोड्याला किती झालं?” काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी मोजतात आणि सव्वीस फुटांना धोका धरतात, हे बडोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्याने रोजची नदीची पातळी लिहायची परवानगी मागितली. मी दिली. त्यातून सुरेख चिठ्ठाही निघाला : इथे पाऊस थांबल्यावरही नदी का चढते? नदी पावागढच्या डोंगरांकडून येते, आजवा तलावाचं पाणीही तिच्यातच उतरतं, म्हणून शहरात ऊन पडलेलं असलं तरी तिकडचं पाणी मागून येत राहतं. हे त्याला मी सांगितलं नाही. त्याने शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं, आणि ते बरोबर होतं.

मग त्याने विचारलं, आमच्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर दाखवू? मी विचार न करता हो म्हटलं. टाकीशेजारी त्याने खडूने आडवी रेघ मारली, ‘इथपर्यंत’ असं लिहिलं. रेघ तिसरीतल्या मुलांच्या डोक्यावरून गेली.

मुलं एकेक करून रेघेखाली उभी राहून बघायला लागली. दोन जण हसत होती. एक मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, रात्री झोपली नाही, विचारत होती मगर आत येईल का. आमच्या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या रस्त्यांवर येतात, त्यामुळे ‘येणार नाही’ असं म्हणणं आईलाही जमलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, रेघ पुसा. पुसली तर त्या मुलाला काय वाटेल? ठेवली तर बाकीच्यांना? मी त्यालाच विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं.” ओल्या फडक्याने त्याने स्वतःच रेघ पुसली. त्या दुपारी त्याच्या आईला भेटले. मी आधीच भेटायला हवं होतं. त्या म्हणाल्या, रेघ काढली याचं काही नाही, पण घरी तो त्यातलं एक अक्षर बोलत नाही, शाळेत बोलला हे बरं झालं.

रेघेऐवजी पुढच्या अंकात त्याचा मजकूर आला : पाणी येणार म्हटलं की त्याच्या घरी आधी काय वर ठेवतात. आजीच्या गोळ्या, रेशनकार्ड आणि आधारकार्डांची पिशवी, दप्तर, मग मिक्सर. सिलिंडरचा कॉक बंद. मेन स्विच बंद करायचा तो मोठ्यांनीच. मांजर शेवटी, कारण ती आधी सापडत नाही. ती घाबरलेली मुलगी हा चिठ्ठा घरी उतरवून घेऊन गेली.

निष्पत्ती

‘टपटप’ उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांपर्यंत, चालला. पावसाळा संपल्यावर मरगळ आली. ऑक्टोबरमधल्या अंकांत ‘आज ऊन होते’ यापलीकडे फारसं काही नव्हतं. पतंगांनी तो पुन्हा उठवला. जानेवारीत वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतो, आणि वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून ठेवतात, जिकडे पतंग जातो त्यावरून नाही, यावर दोन अंक भांडणात गेले. तेवढे मात्र सगळ्या शाळेने वाचले.

लेखनात काय फरक पडला? ‘पावसाळा हा ऋतू मला खूप आवडतो’ अजून येतं. पण त्याच्यामागे आता एखादं वाक्य असतं जे दुसऱ्या कुणाच्या वहीत नसतं. सत्तावीसपैकी पाच-सहा मुलांनी शेवटपर्यंत चकती बदलण्यापलीकडे काही केलं नाही, आणि त्यांना कसं ओढायचं ते मला सापडलं नाही. टिंब आणि पट्टीच्या पद्धतीत दोन मुलं कंटाळून लिहायचीच बंद झाली; त्यांच्यासाठी मी नियम मोडायला हवा होता.

पुन्हा करायचं झालं तर

चूक झाली तर काय करायचं हे पहिल्या दिवशी ठरवीन आणि ‘चूक-दुरुस्ती’चा खिसा पहिल्या अंकापासून ठेवीन, रिकामा का असेना. मोजायचं साधन आधी आठवडाभर दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघीन. नरसाळं मात्र बदलणार नाही. चारने भागायची सोय चांगली आहे. थोडासा पाऊसही बाटलीत ठळक दिसतो. नदीची गोष्ट मुलांपुढे आणण्याआधी त्या मुलाच्या घरी जाईन, आणि भिंतीवर काय लिहायचं हे त्याच्याशी एकट्याशी बोलून ठरवीन, सगळ्यांसमोर उभ्या-उभ्या हो म्हणणार नाही. ‘आजी म्हणते’ पुन्हा सुरू करीन; ‘जुळलं’ म्हणजे काय हे मुलांना नक्षत्र लागण्याआधी लिहून काढायला लावीन.

तापमान आम्ही वर्षभर मोजलंच नाही. थर्मामीटर आणला होता, पण तो सावलीत, हवा खेळती राहील असा, जमिनीपासून चार फुटांवर टांगायचा तर आमच्या गच्चीवर सावली नाही आणि खालच्या चौकात हवा नाही. सरांनी लाकडी फळ्यांची जाळीदार पेटी करून देतो म्हटलं आहे. पांढरा रंग आणून ठेवला आहे, फळ्या यायच्या आहेत.